सूर

गावाचं नाव सूर. ओमानच्या पूर्वेच्या टोकाला.
ऐकून बाबा हसले होते,
"बेसूर माणसाला बरोबर जागा मिळाली."
तेव्हा ते दोन्ही गालांनी हसायचे.

इथे समुद्रातलं मीठ काढून पाणी गोड करतात.
मी पाण्याला हात लावत नाही.
बिनखिडकीच्या खोलीत रात्रपाळीला बसतो आणि बघतो,
पाण्याच्या वाटेवर कोण कोण दार हलवून पाहतंय.
एका रात्रीत नऊ हजारदा कडी वाजते.
बहुतेक हात माणसाचे नसतात.

त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक यंत्र आहे.
कंपनीने दिलेलं नाव लांबलचक. मी राखणदार म्हणतो.
बिजॉयने अर्थ विचारला तेव्हा सांगितलं,
आमच्या गुहागरकडे वेशीवर असतो,
दिसत नाही, वर्षाला एक नारळ घेतो.
हा डॉलर घेतो, खल्फान म्हणाला,
आणि दर महिन्याला.

मागच्या मंगळवारी पहाटे तीनला
खल्फानचाच फोन आला.
तोच खाकरा, शेवटचा शब्द गिळायची तीच लकब:
"यल्ला, क्लोरीन वाढव, अलार्म बंद कर, मी रस्त्यात आहे."
माझं बोट बटणापर्यंत गेलेलं,
आणि खल्फान माझ्या मागे उभा,
हातात कहव्याचा पेला,
स्वतःचा आवाज ऐकत.

राखणदाराने तोवर पडदा लाल केला होता.
श्वास फार नेमाने घेतलेत, त्याने लिहिलं,
माणूस इतका नेमाने घेत नाही.

खल्फान बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, माझी आईसुद्धा फसली असती.
मग म्हणाला, परत एकदा लाव.

पुढे तपासात कळलं ते एवढंच
की घरफोड्या आणि जागल्या, दोघांचं कूळ एक.
त्याच अब्जावधी वाक्यांवर पोसलेले,
त्याच आपल्या बडबडीवर,
भांडणांवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांवर.
एकाने ऐकून बोलायला शिकून घेतलं,
दुसऱ्याने ऐकून संशय घ्यायला.

बुधवारी मी नियम लिहिला:
पडदा लाल झाला की फोन तोडायचा.
समोर कोणीही असो.
आणि घरी कळवलं, खुणेचा शब्द ठरवू.
आई म्हणाली, आता आई असल्याचा दाखला देऊ का तुला?
शेवटी शब्द ठरला, रायवळ.
परसातल्या आंब्यावरून.

आज तीनला कार्यालयाच्या लाईनवर फोन.
"अऊत..."
अवधूत म्हणायचं होतं.
मार्गशीर्षात झटका आला, उजवी बाजू गेली,
तेव्हापासून त्यांच्या तोंडी माझं नाव नांगराचं झालंय.

पडदा लाल.
नोंदीतल्या आवाजाशी जुळत नाही.
बनावट असण्याची शक्यता ब्याण्णव टक्के.
नोंद दोन वर्षांपूर्वीची,
आणीबाणीच्या अर्जासोबत दिलेली,
दोन्ही गालांची.

"बाबा, शब्द सांगा."
"आ... आय..."
र त्यांना येतच नाही आता.
हे मला शब्द ठरवताना सुचलं नव्हतं.

एक श्वास लांब, एक अडकलेला, मग दोन एकदम.
असं कोण बनवेल?
पण मंगळवारच्या चुकीतून तोही शिकला असेल.
अडखळायला कितीसा वेळ लागतो शिकायला?
आणि फोन काहीच मागत नव्हता,
ना बटण, ना पैसे.
नुसता होता.

मी तोडला.

मोबाईल बाहेर लॉकरमध्ये, दोनशे पावलांवर.
खाडीकडून खारा वारा,
अर्धवट बांधलेल्या गलबताच्या फासळ्या उजेडात.
घरचा नंबर मला पाठ आहे, तो मी हाताने लावला,
एकेक आकडा.
तिकडे साडेचार वाजून गेलेले.

वाजला. वाजत राहिला.
उचलला.
कोणी बोललं नाही.
श्वास ऐकू येत होता,

आणि मी
तो मोजायला लागलो.